पडदा वाकवण्याचा निर्णय

थिएटरचा पडदा ही बघायची वस्तू नसते. त्याच्यावर जे पडतं ते बघायचं असतं. त्यामुळे एकाच थिएटरात सव्वीस वर्षं मॅनेजरकी करूनही मॅनेजरांनी पडदा म्हणून पडदा कधी पाहिला नव्हता. तो पहिल्यांदा त्यांच्या नजरेत भरला एका मंगळवारी, दुपारच्या खेळाला, आणि तोही फाटताना. पडद्यावर न्यायाधीश निकाल वाचत होते आणि वाचता वाचता कपाळापासून हनुवटीपर्यंत उसवत गेले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. चित्रपटात तोपर्यंत दिग्दर्शकाने नवीन असं काहीच केलेलं नसल्यामुळे ह्या एका कल्पनेबद्दल लोक त्याचे मनापासून आभारी होते. मॅनेजर बॅटरी घेऊन धावत पुढे गेले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी त्यांनाच दरडावलं, "अहो, खाली बसा. आत्ता कुठे रंगायला लागलंय."

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना घरी बोलावलं. मालकांच्या शेजारी त्यांचे जावईबापू बसले होते. जावईबापू परदेशात दोन वर्षं काहीतरी शिकून आले होते. काय ते सासरी कुणी विचारत नसे, कारण विचारलं की ते सांगत. थिएटरात आल्यापासून त्यांनी एकच गोष्ट मन लावून पाहिली होती, ती म्हणजे मॅनेजरांची केबिन. खिडकी, पंखा, बाहेरच्या गर्दीवर नजर ठेवायला काच. अशी जागा एका माणसाने नुसतं बसून वाया घालवावी याचं त्यांना फार वाईट वाटे. तिथे पॉपकॉर्नचं मशीन उत्तम बसेल, हे त्यांनी टेप लावून मोजलंही होतं. मॅनेजर आत बसलेले असताना, त्यांना जरा पाय वर घ्यायला सांगून.

"नवा पडदा घ्यायचाय," मालक म्हणाले. "सपाट येतो आणि गोलाई दिलेलाही येतो म्हणे. कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा."

"मी?"

"सव्वीस वर्षं तिथं बसताय, एवढं तरी कळायला हवं. चांगला निघाला तर केबिन तुमची. नाही निघाला तर तिथं ह्यांचं मशीन, आणि तुम्ही दारावर तिकिटं फाडायला."

जावईबापू समजुतीने हसले. "उभं राहणं तब्येतीला चांगलं असतं, काका."

मॅनेजरांनी आयुष्यात तोवर एकही निर्णय घेतलेला नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे. घरात कुणाच्या लग्नाला जायचं आणि मुलीला कुठल्या शाळेत घालायचं हे बायको ठरवी. थिएटरात कुठला चित्रपट लावायचा हे मालक ठरवत आणि तो किती दिवस ठेवायचा हे प्रेक्षक. मॅनेजर ह्या सगळ्यांना होकार देत. फक्त तो अशा रुबाबात देत की नवख्याला वाटावं, निर्णय यांचाच आहे.

पडदेवाल्या कंपनीने दोन माहितीपत्रकं पाठवली. पहिल्यात लिहिलं होतं की सपाट पडद्याला तोड नाही. दुसऱ्यात लिहिलं होतं की गोल पडद्याला तोड नाही. दोन्हींवर एकच कुटुंब बसून हसत होतं. गोल पडद्याच्या पत्रकावर ते थोडं एकमेकांना चिकटून बसलं होतं, एवढाच काय तो फरक. मॅनेजरांनी ती दोन्ही पत्रकं चार दिवस वाचली. पाचव्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून, दोन बरण्यांच्या मध्ये बाक देऊन उभं केलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून एक डोळा मिटून ते न्याहाळायला सुरुवात केली.

"अहो, महिना बदलायचा असेल तर पान उलटतात," बायको म्हणाली. "नुसतं बघून बदलत नाही."

"शास्त्रीय काम चाललंय."

"चालू द्या. त्यातली मिठाची बरणी मला लागणार आहे."

मीठ गेलं आणि शास्त्र आडवं झालं.

मग सल्ले आले. सल्ला मागायला जावं लागतं हा एक गैरसमज आहे. माणूस अडचणीत आहे एवढं कळलं की सल्ले जिना चढून येतात. वरच्या मजल्यावरचे डोळ्यांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, "गोलच घ्या. आपल्या डोळ्यातला पडदासुद्धा आतून गोल असतो. निसर्ग मूर्ख नाही." मॅनेजरांना हे पटलं. तेवढ्यात समोरच्या दारातून पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त काका आले. "गोल? वाकवलेली वस्तू टिकत नाही. तीस वर्षांच्या नोकरीत सरळ पाईप गळलेला मी पाहिला नाही." हे खरं होतं. काकांच्या काळात त्या भागाला पाणीच येत नसल्यामुळे कुठलाच पाईप गळण्याच्या अवस्थेला पोचला नव्हता. पण मॅनेजरांना हेही पटलं.

"डोळ्यांचा आणि पाईपचा काय संबंध?" डॉक्टर म्हणाले.

"तुमच्याकडे आलेल्या माणसाच्या डोळ्यातून पाणी गळतं की नाही?" काका म्हणाले. "का गळतं? गोल असतात म्हणून."

दोघं रात्रीच्या जेवणापर्यंत बसले. वाद मिटला नाही, बिस्किटं मिटली. अखेर सोमवारी सकाळी, दाढी करताना, मॅनेजरांनी निर्णय घेतला: सपाट. सपाट पडद्यावर सव्वीस वर्षं कुणी तक्रार केली नव्हती, शिवाय सपाट निवडला की काही निवडलं असं फारसं दिसतही नाही. दुपारी ते मालकांकडे गेले, घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

"सपाटच," जावईबापू म्हणाले. "त्यात विचार करण्यासारखं आहे काय? शाळेतल्या पोरालाही कळेल. काका उगाच आठवडाभर डोकं खाजवताहेत."

मॅनेजरांचं तोंड उघडंच होतं. त्यातून जे बाहेर पडलं ते त्यांनी स्वतःही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

"गोल."

"गोल?" मालक म्हणाले.

"आपल्या डोळ्यातला पडदा आतून गोल असतो," मॅनेजर म्हणाले. "निसर्ग मूर्ख नाही."

जावईबापूंना निसर्गाबद्दल अभ्यासक्रमात काही नव्हतं. मालकांनी मान हलवली. अशा रीतीने मॅनेजरांनी आयुष्यातला पहिला निर्णय घेतला, आणि तो नेमका त्यांना जो घ्यायचा नव्हता तोच होता. मोठमोठ्या लोकांचंही असंच होतं म्हणतात, पण त्यांच्याकडे निस्तरायला हाताखाली माणसं असतात.

पडदा बदलायचा म्हणजे परवाना कार्यालयात अर्ज. त्या कार्यालयातले कारकून कागद हातात घेण्याआधीच नाकारण्यात वाकबगार होते. अर्जात एक चौकोन होता: पडद्यापासून पहिल्या रांगेचं अंतर, फुटांत. नियम वीस फुटांचा. गोल पडद्याला चार फूट बाक द्यायचा होता, म्हणजे दोन्ही कडा प्रेक्षकांकडे चार चार फूट पुढे येणार. मॅनेजरांनी प्रामाणिकपणे लिहिलं: मध्ये एकवीस, कडेला सतरा.

"पडदे किती?" कारकुनाने विचारलं.

"एक."

"मग आकडे दोन कसे?"

"तो गोल आहे. मध्ये लांब आहे, कडेला जवळ आहे."

"चौकोन एक आहे. एक आकडा लिहा."

मॅनेजरांनी थोडा विचार करून सरासरी काढली. "एकोणीस लिहू?"

"म्हणजे मध्येही नापास झालात," कारकून म्हणाला. "आत्तापर्यंत निदान मध्ये पास होतात."

"मग करू काय?"

कारकुनाने चष्मा काढून पुसला. सरकारी माणूस चष्मा पुसतो तेव्हा त्याला दया आलेली असते. "पडदा वाकवताय ना? मग खुर्च्याही वाकवा. रांगेची टोकं चार फूट मागे घ्या. अंतर सगळीकडून एकवीस, आकडा एक. मी काही सांगितलेलं नाही."

सुताराने पहिली रांग उखडून, टोकं मागे घेऊन, जमिनीत पुन्हा ठोकली. टोकांच्या खुर्च्या दुसऱ्या रांगेच्या मांडीवर जाऊन बसल्या. म्हणून दुसरी रांग वाकवली. ती तिसरीला भिडली. "साहेब, ही साथ आहे," सुतार म्हणाला. "शेवटच्या भिंतीपर्यंत जाणार." साथ नवव्या रांगेला आली तेव्हा टोकाची एक खुर्ची बाहेर पडायच्या दाराच्या बरोबर मध्ये उभी राहिली. बाहेर जाणाऱ्या माणसाला तिच्यात बसल्याशिवाय पुढे जाता येईना.

ती खुर्ची काढून टाकावी, तर परवान्यात खुर्च्या पाचशे बारा लिहिलेल्या. कमी करायच्या तर वेगळा अर्ज, आणि त्या अर्जावर सही करणारे साहेब प्रशिक्षणाला गेलेले. कशाच्या, ते कार्यालयात कुणाला माहीत नव्हतं. ते दर वर्षी जात. शेवटी मॅनेजरांनी ती पाचशे बारावी खुर्ची उचलून बाल्कनीत नेली आणि शेवटच्या रांगेमागे, प्रोजेक्टरच्या मशीनरूमच्या झरोक्याखाली जी मोकळी पायरी होती, तिच्यावर ठोकली. तिथं कधी कुणी बसलं नव्हतं. खुर्च्या पुन्हा पाचशे बारा भरल्या आणि कायद्याचं समाधान झालं.

तीन आठवड्यांनी पडदा लागला. मालक गुरुवारी सकाळी कुटुंबासह बघायला येणार होते. मंगळवारी मॅनेजरांनी ऑपरेटरला एक समुद्राचा चित्रपट लावायला सांगितलं आणि खाली दहाव्या रांगेत मोठ्या अपेक्षेने बसले. समुद्र दिसला. तो मध्ये खचलेला होता आणि दोन्ही कडांना वर आलेला होता, मोठ्या परातीत ठेवल्यासारखा. नायक किनाऱ्यावरून डावीकडून उजवीकडे चालत गेला. त्याला आधी उतार लागला, मग चढ. एक जहाज क्षितिजावरून घरंगळत आलं आणि परातीच्या तळाशी येऊन नायिकेच्या मागे थांबलं.

"चित्र वाकडं पडतंय," मॅनेजरांनी वर बघून हाक मारली.

झरोक्यातून ऑपरेटरचा आवाज आला. "कुठे वाकडं? सुतात आहे."

"अहो, समुद्र बघा."

"बघतोय की. सुतात आहे."

"खाली येऊन बघा."

"खाली येऊन काय करू? मशीन वर आहे. बत्तीस वर्षं चित्र टाकतोय मी. वाकडं मला कळत नाही?"

दोघांनी एकमेकांच्या नजरेबद्दल थोडा वेळ आदरयुक्त शंका व्यक्त केल्या. शेवटी मॅनेजर तावातावाने वर गेले, मशीनरूममध्ये शिरून झरोक्याला डोळा लावला आणि तसेच राहिले. समुद्र सरळ होता. पट्टी ठेवून आखावा तसा.

"जिथून चित्र निघतं तिथून ते सरळच दिसणार," ऑपरेटर म्हणाला. "कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मॅनेजर खाली उतरले. त्यांनी एक वही घेतली आणि थिएटरातल्या प्रत्येक खुर्चीत बसायला सुरुवात केली. मंगळवारचा उरलेला दिवस आणि बुधवार सगळा त्यांनी बसण्यात घालवला. इतक्या कष्टाने बसणारा माणूस थिएटरच्या इतिहासात झाला नसेल. वहीत शेरे पडत गेले: वाकडं. वाकडं. फार वाकडं. मान दुखते. वाकडं, पण संगीत बरं. बुधवारी संध्याकाळी ते शेवटी झरोक्याखालच्या पाचशे बाराव्या खुर्चीत येऊन आदळले, आणि समोर बघितलं, आणि समुद्र सरळ झाला.

पाचशे अकरा खुर्च्यांतून वाकडा आणि एकीतून सरळ. मॅनेजर तिथेच बसून राहिले. केबिन वाचवायला मालकांना पाचशे बारा खुर्च्यांतून बघायची गरज नाही, मालक एक आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं. निर्णय बरोबर की चूक, हे निर्णयात नसतं. वरचा माणूस कुठे बसतो त्याच्यावर असतं. हे त्यांना सव्वीस वर्षांत का सुचलं नाही याचं त्यांना नवल वाटलं.

गुरुवारी त्या खुर्चीवर पांढरं स्वच्छ आवरण होतं आणि हातावर 'राखीव' अशी पाटी होती. मालक आले, मालकीणबाई आल्या, मागून जावईबापू टेप खिशात घालून आले.

"मालक, आपली जागा वर आहे," मॅनेजर म्हणाले. "तिथून गोलाईचं सौंदर्य जास्त खुलतं."

"मी खालीच बसतो," जावईबापू म्हणाले. "लोक खाली बसतात." ते कडेच्या खुर्चीत जाऊन बसले, म्हणजे जिच्यापुढे वहीत 'असह्य' लिहिलं होतं तिच्यात.

मालक पाचशे बाराव्या खुर्चीत बसले. अंधार झाला. समुद्र आला, सरळ आला, आणि त्या समुद्राच्या मधोमध, लाटांतून हळूहळू वर येत, एक भलंमोठं डोकं उभं राहिलं. दोन्ही बाजूंना दोन कान होते. मालक उंच आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. ते बसल्यावरही उंच राहतात, आणि मॅनेजर बसल्यावर राहत नाहीत, हा मुद्दा वहीत राहून गेला होता.

"हा कोण?" मालकांनी विचारलं.

डोक्यामागच्या झरोक्यातून ऑपरेटर अदबीने म्हणाला, "आपणच, मालक."

मालक खाली सरकले. डोकं समुद्रात बुडालं, कान तरंगत राहिले. खालून जावईबापूंचा आवाज आला, "आणि बाकीचं सगळं वाकडं आहे, बाबा. जहाज घरंगळतंय. काकांनी पडदा नाही लावला, झोळी बांधली आहे."

मॅनेजरांनी मनातल्या मनात एक तिकीट फाडून पाहिलं. जमण्यासारखं होतं.

"तुम्ही उठा बघू तिथून," मालकीणबाई नवऱ्याला म्हणाल्या. "सगळा समुद्र अडवून बसलाय." मालक उठून पुढच्या रांगेत कडेला गेले. मालकीणबाई, ज्या बसल्यावर खुर्चीच्या पाठीवरून दिसतही नसत, पांढऱ्या आवरणावर ऐसपैस बसल्या आणि समोर बघितलं.

"छान आहे की," त्या म्हणाल्या.

"वाकडं आहे," मालक कडेवरून म्हणाले.

"सरळ आहे."

"अगं, मला इथून दिसतंय ना. नायक डोंगर चढतोय."

"किनाऱ्यावर कुठला डोंगर? डोळे तपासून घ्या, म्हणून गेल्या वर्षापासून सांगतेय."

"आई, मलाही वाकडंच दिसतंय," जावईबापू खालून म्हणाले.

"तुम्हाला तिथून काय दिसणार? इतक्या कडेला बसतं का कुणी?"

"मग मी तिथं येऊन बघू का?"

"इथं मी बसलेय," मालकीणबाई म्हणाल्या.

पुरावा तपासायची सोय नव्हती, कारण पुराव्यावर मालकीणबाई बसल्या होत्या आणि मध्यंतरापर्यंत उठणार नव्हत्या. मालकांनी आणखी दहा मिनिटं समुद्राकडे मान तिरकी करून बघितलं, मग मान सरळ करून बघितलं, आणि लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या माणसाच्या अनुभवाने म्हणाले, "हां. आता सरळ वाटतोय."

जावईबापूंनी टेप खिशात आणखी खोल सारला.

मध्यंतराला मालक मॅनेजरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "केबिन तुमची. निर्णय बरोबर होता तुमचा." मॅनेजरांचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांत 'निर्णय' आणि 'तुमचा' हे दोन शब्द त्यांनी एका वाक्यात ऐकले नव्हते. ते काहीतरी साजेसं बोलणार, एवढ्यात मालकीणबाई जिना उतरून आल्या. बसायला कुठे आहे का बघत त्यांनी केबिनचं दार ढकललं, पंख्याखाली उभ्या राहिल्या, काचेतून बाहेर बघितलं आणि मॅनेजरांच्या खुर्चीत बसल्या.

"इथं बरं आहे," त्या म्हणाल्या. "पडदा एवढा चांगला लावलाय तर मी येईन म्हणते रोज दुपारी. माझी बहीणही येईल. मध्यंतराला ही खोली आम्हाला ठेवा. आणि आधी तासभर, जिना चढण्यापूर्वी दम खायला. नंतरही थोडं टेकावं लागेल."

"पण ती मॅनेजरांची—" मालक म्हणाले.

"त्यांना कुठे बसायला लागतं? दोन दिवस सगळीकडे बसूनच काढलेत म्हणे त्यांनी."

मॅनेजरांनी त्यांच्या नेहमीच्या रुबाबात होकार दिला.

घरी बायकोने विचारलं, "राहिली का केबिन?"

"राहिली."

"मग तोंड असं का?"

"मी नाही राहिलो," मॅनेजर म्हणाले.

हल्ली ते मशीनरूममध्ये ऑपरेटरच्या दुसऱ्या स्टुलावर बसतात. प्रेक्षकांच्या तक्रारी येतात. जहाज घरंगळतं, टेबलावरून पेला पडेल असं वाटतं. मॅनेजर त्या तक्रारी शांतपणे ऐकतात आणि झरोक्यातून स्वतः खात्री करून घेऊन लिहून पाठवतात की चित्र सरळ आहे. खात्री करताना ते थोडे जास्तच पुढे वाकतात, तेव्हा मागून ऑपरेटर न उठता सांगतो, "साहेब, मान खाली. पडद्यावर आलात."